अँजिओप्लास्टीच्या आधी कोलेस्टेरॉलची गोळी कशाला, रिपोर्ट तर नॉर्मल आहे!

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६२, चालताना छातीत दाटून यायचं म्हणून तपासण्या झाल्या, अँजिओग्राफीत हृदयाच्या एका रक्तनळीत मोठा ब्लॉक निघाला आणि पुढच्या आठवड्यात अँजिओप्लास्टी (फुग्याने नळी उघडणं) ठरलीये. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९६ आलंय, रिपोर्टवर नॉर्मल. तरी डॉक्टरांनी लगेच ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) ८० मिलिग्रॅम रोज चालू केली आणि आदल्या रात्रीचा डोस अजिबात चुकवू नका असं बजावून सांगितलं. तर नॉर्मल असताना एवढा मोठा डोस कशाला, लिव्हर-किडनीला त्रास होईल का, आणि स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) बसला की गोळी बंद करता येईल का?

मी कॅथलॅबमध्येच काम करते, अँजिओप्लास्टी हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: नाही, बंद करायची नाही. का ते पुढे येईलच.

आधी त्या "नॉर्मल"चं बघू. लॅबच्या रिपोर्टवर शेजारी जी रेंज छापलेली असते ती सरसकट सगळ्यांसाठी असते, ज्याच्या हृदयाच्या नळीत ब्लॉक सापडलाय त्याच्यासाठी ती नाहीच. अशा माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं आणि मूळ आकड्यापेक्षा निदान निम्म्याने कमी व्हायला हवं, असं युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने २०१९ पासून सांगितलंय. म्हणजे तुमच्या वडिलांचं ९६ हे त्यांच्यासाठी जास्तच आहे, कागदावर त्याच्यापुढे लाल खूण नसली तरी. आणि खरं सांगायचं तर त्या ९६ मध्येच ब्लॉक झालाय ना, मग ते त्यांच्यासाठी नॉर्मल कसं म्हणायचं? (अर्थात ब्लॉक एकट्या कोलेस्टेरॉलने होत नाही, बीपी, शुगर, सिगारेट, घरातली हिस्ट्री हे सगळं त्यात असतं, पण त्या सगळ्यात औषधाने सगळ्यात जास्त खाली आणता येतं ते एलडीएलच.)

आता प्रोसिजरच्या आधीच का. यासाठी फुगा फुगवतो तेव्हा आत काय होतं ते माहीत हवं. मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर (बारीक पोकळ ट्यूब) हृदयाच्या नळीच्या तोंडापर्यंत नेतो, त्यातून केसासारखी बारीक वायर ब्लॉकच्या पलीकडे सरकवतो, त्या वायरवरून फुगा आणि मग स्टेंट. स्टेंट नीट भिंतीला बसावा म्हणून तो फुगा साधारण बारा-चौदा ॲटमॉस्फिअरला फुगवावा लागतो, म्हणजे गाडीच्या टायरमध्ये जेवढी हवा असते त्याच्या पाच-सहा पट प्रेशर, आणि तेही दोन-तीन मिलिमीटरच्या नळीत. तेवढे काही सेकंद त्या नळीतलं रक्त पूर्ण थांबतं. पेशंट जागाच असतो, तो म्हणतो "डॉक्टर, छाती भरून आली", मॉनिटरवर ईसीजीची रेघ उचलली जाते, फुगा खाली केला की पाच-दहा सेकंदात रेघ परत जागेवर यायला लागते. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते.

पण ब्लॉक म्हणजे काही नुसता चरबीचा गोळा नसतो. त्यात मऊ चरबी असते, सुजलेल्या पेशी असतात, कॅल्शियम असतं आणि वर एक पातळ पापुद्रा असतो. एवढ्या दाबाखाली तो चिरडला की त्याचा चुरा आणि त्याच्यावर तयार झालेल्या प्लेटलेटच्या (रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या) बारीक गुठळ्या रक्ताबरोबर पुढे वाहून जातात, अगदी बारीक नळ्यांमध्ये, ज्या अँजिओग्राफीत दिसतसुद्धा नाहीत. मोठी नळी मस्त उघडलेली दिसते आणि तरी डाय (नळ्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडलेलं द्रव्य) पुढे सरकायला वेळ लावतो, याला आम्ही स्लो फ्लो म्हणतो, आणि अगदीच सरकेनासा झाला तर नो रिफ्लो. तेव्हा कॅथेटरमधून ॲडेनोसिन किंवा नायट्रोप्रुसाइडसारखी औषधं सोडतो, बहुतेकदा फ्लो सुधारतो, पण ती दहा-पंधरा मिनिटं कोणालाच नको असतात. आणि कधी कधी समोर काहीच दिसत नाही, सगळं छान झालं म्हणून पेशंट वॉर्डात जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ततपासणीत ट्रोपोनिन वाढलेलं येतं, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा थोडासा भाग दुखावला. थोडं वाढणं खूप कॉमन आहे, त्याने घाबरू नका, पण ते खूप वाढलं आणि जोडीला ईसीजीत बदल, छातीत दुखणं वगैरे असलं तर तो प्रोसिजरमुळे आलेला छोटा अटॅकच धरतात.

स्टॅटिन आधी देण्यामागचा हेतू हा आहे, हे नुकसान कमी करायचं.

लोक म्हणतात कोलेस्टेरॉल एका रात्रीत थोडंच उतरतं? बरोबर आहे, उतरत नाही. एलडीएल नीट खाली यायला दोन आठवडे तरी लागतात आणि पूर्ण परिणाम चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. पण स्टॅटिन लिव्हरमधलं जे एन्झाइम अडवतं त्या साखळीत पुढे कोलेस्टेरॉलशिवाय आणखीही काही पदार्थ तयार होतात, आणि ते कमी झाले की नळीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं, नळी सैलावते, सूज उतरते, प्लेटलेट एकमेकांना चिकटायचं प्रमाण कमी होतं. हे परिणाम काही तासांत ते काही दिवसांत सुरू होतात, एलडीएलचा आकडा हलायच्याही आधी. म्हणून आदल्या दिवशीचा डोससुद्धा वाया जात नाही असं मानतात. आणि थोडा जास्त वेळ हातात असेल तर ब्लॉकमधली चरबीच कमी होते, २०१३ मध्ये ८७ पेशंटवर झालेल्या येलो नावाच्या छोट्या अभ्यासात सहा-आठ आठवडे रोझुव्हास्टॅटिन (दुसरी एक स्टॅटिन) ४० दिल्यावर नळीत कॅथेटर घालून मोजलं तेव्हा ब्लॉकमधला चरबीचा भाग कमी झालेला दिसला.

मग पुरावा किती पक्का आहे? हे मी मुद्दाम सांगते कारण दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. २००४ मध्ये इटलीत आर्मिडा नावाचा अभ्यास झाला, १५३ पेशंट, सगळे तुमच्या वडिलांसारखे, म्हणजे अटॅक नाही, चालताना दुखतं, प्लॅन करून केलेली अँजिओप्लास्टी. निम्म्यांना आधी सात दिवस ॲटोरव्हास्टॅटिन ४० दिली, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. प्रोसिजरच्या वेळचा छोटा अटॅक गोळीवाल्यांत ५ टक्के, दुसऱ्यांत १८ टक्के. फरक मोठा, पण पेशंट कमी. मग त्याच गटाने प्रश्न विचारला की जे आधीपासून स्टॅटिन घेतायत त्यांना अजून एक मोठा डोस द्यावा का, २००९ मध्ये ३८३ पेशंटवर ते करून पाहिलं, १२ तास आधी ८० आणि अगदी प्रोसिजरच्या आधी आणखी ४०, तर ३० दिवसांतले मोठे त्रास (मृत्यू, अटॅक, नळी परत उघडावी लागणं) ९.४ वरून ३.७ टक्क्यांवर आले. इथपर्यंत वाचलं की वाटतं संपला विषय. पण चीन-कोरियातल्या पेशंटवर नंतर असे अभ्यास झाले तेव्हा आधीच्या मोठ्या डोसचा फायदा दिसला नाही. आणि मग २०१८ मध्ये ब्राझीलमधला सिक्युअर-पीसीआय आला, तो या विषयातला सगळ्यात मोठा, ४१९१ पेशंट, सगळे अटॅक किंवा अटॅकच्या उंबरठ्यावरचे, त्यांना प्रोसिजरच्या आधी ८० आणि २४ तासांनी परत ८०. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर ३० दिवसांतले मोठे त्रास ६.२ विरुद्ध ७.१ टक्के, म्हणजे फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. पण त्यातल्या सगळ्यांची अँजिओप्लास्टी झालीच नव्हती, काहींना बायपासला पाठवलं, बऱ्याच जणांचं औषधांवर भागलं. ज्यांची प्रत्यक्षात अँजिओप्लास्टी झाली त्यांच्यातच पाहिलं तर ६.० विरुद्ध ८.२, आणि हा फरक टिकणारा होता. अभ्यासाच्या आतल्या एका गटाचा असा निकाल थोडा जपूनच वाचायचा असतो, पण तो इटलीतल्या त्या दोन्ही निकालांशी जुळतोय, त्यामुळे मी तरी तो सोडून देणार नाही.

माझं मत एवढं बघून असं झालंय: प्लॅन केलेली अँजिओप्लास्टी असेल आणि हातात आठवडा असेल तर आजपासून मोठ्या डोसमध्ये स्टॅटिन चालू करायची, यात विचार करण्यासारखं काही नाही, कारण ती तशीही आयुष्यभर लागणारच आहे, आठ दिवस आधी चालू केली तर तोटा काहीच नाही आणि प्रोसिजरच्या दिवशी फायदा होण्याची बरीच शक्यता आहे. आधीच चालू असेल तर एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही. आणि जोराचा अटॅक आलाय, नळी पूर्ण बंद आहे, अशा वेळी गोळी द्यायची पण गोळीसाठी थांबायचं नाही, तिथे एकेक मिनिट स्नायूचं असतं, आधी नळी उघडायची. मला काळजी वाटते ती उलट्या टोकाची, की अटॅकच्या गडबडीत स्टॅटिन राहूनच जाते आणि डिस्चार्जच्या कागदावरही येत नाही. नातेवाइकांनी तेवढं विचारायला काही हरकत नाही, "स्टॅटिन दिली का?"

बायपासचं मात्र वेगळं आहे आणि लोक हे दोन्ही एकत्र करतात. हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी नव्याने स्टॅटिन देऊन काही फायदा होतो का हे पाहायला १९२२ पेशंटवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये निकाल आला, ऑपरेशननंतरचं हृदयाचं नुकसान कमी झालं नाही, ठोके बिघडण्याचं प्रमाण कमी झालं नाही, उलट किडनीला तात्पुरती इजा होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. त्यामुळे नुसत्या त्या ऑपरेशनचं कवच म्हणून आदल्या दिवशी घाईघाईने मोठा डोस द्यायची गरज नाही. पण आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका, आणि ऑपरेशननंतर ती लागणारच, जोडलेल्या नव्या नळ्याही त्याच रोगाने खराब होतात.

आता किडनी. अँजिओप्लास्टीत जो डाय वापरतो त्याने काही पेशंटच्या किडनीवर ताण येतो, विशेषतः आधीच क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल, डायबिटीस असेल, शरीरात पाणी कमी असेल तर. इथे स्टॅटिन त्रास देण्याऐवजी मदत करते असं दिसलंय. २०१४ च्या एका इटालियन अभ्यासात ५०४ पेशंट होते, आधी रोझुव्हास्टॅटिनचा मोठा डोस दिलेल्यांत डायमुळे किडनीला इजा ६.७ टक्के, न दिलेल्यांत १५.१. अर्थात किडनी वाचवायला खरं काम करतं ते पुरेसं पाणी किंवा सलाइन आणि कमीत कमी डाय, गोळी त्याच्या जोडीला. फक्त एक लक्षात ठेवा, किडनी बरीच खराब असेल तर रोझुव्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवावा लागतो, ॲटोरव्हास्टॅटिनला तशी गरज नसते. आणि आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोझुव्हास्टॅटिनची पातळी त्याच डोसला साधारण दुप्पट जाते, म्हणून ती ४० मिलिग्रॅम देताना मी तरी खूप विचार करते. वडिलांना ॲटोरव्हास्टॅटिन दिलीये, ठीक आहे.

लिव्हरबद्दल भीती फार पसरलीये. मोठ्या डोसवर थोड्या लोकांचे एन्झाइम वाढतात, बहुतेकांचे आपोआप किंवा डोस कमी केल्यावर उतरतात, लिव्हर कायमची खराब होणं अतिशय विरळ. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नको हे तर चुकीचंच, अशा लोकांचा मुख्य धोका हृदयाचाच असतो. खरी अडचण कुठे आहे तर चालू कावीळ, लिव्हर निकामी होत चाललंय, किंवा बाई गरोदर आहे, तिथे प्रश्न वेगळा. शुगर थोडी वर सरकू शकते, जे आधीच डायबिटीसच्या काठावर आहेत त्यांची, पण हृदयाचा फायदा त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

पाय दुखणं, अंग दुखणं ही सगळ्यात कॉमन तक्रार. ती खोटी नसते, दुखणं खरंच असतं, पण कशामुळे हा प्रश्न आहे. २०२० मध्ये सॅमसन नावाचा फार हुशारीने केलेला अभ्यास आला, ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडली होती अशा ६० जणांना वर्षभर एकेक महिन्याची बाटली दिली, कधी खरी गोळी, कधी खोटी, कधी रिकामी बाटली, आणि रोज त्रास किती ते लिहायला लावलं. स्टॅटिनच्या महिन्यात जो त्रास वाढायचा त्यातला ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यातही तसाच वाढायचा. हे मी पेशंटला दाखवते ते त्यांना खोटं पाडायला नाही, त्यांना धीर यावा म्हणून. आणि तरीही दोन्ही मांड्या-खांदे सारखे ठणकायला लागले, जिना चढता येईना, लघवी कोकसारखी काळपट झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) तपासायचं. हे फार विरळ आहे पण याला उशीर चालत नाही.

दुसऱ्या औषधांची यादी डॉक्टरांना नक्की दाखवा. छातीच्या इन्फेक्शनला क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीला इट्राकोनॅझोल, ट्रायग्लिसराइडसाठी जेमफिब्रोझिल, ट्रान्सप्लांटवाल्यांची सायक्लोस्पोरिन, यांच्याबरोबर स्टॅटिनची पातळी वाढून स्नायूंना धोका वाढतो. स्टेंटनंतर टिकाग्रेलोर (गुठळी होऊ न देणारी गोळी) दिली तर सिम्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन ४० च्या वर नको. क्लोपिडोग्रेल (तीही गुठळी होऊ न देणारी) आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र चालत नाहीत असंही तुम्ही कुठेतरी वाचाल, ती शंका २००३ च्या आसपास प्लेटलेटवरच्या तपासण्यांवरून आली होती, नंतर प्रत्यक्ष पेशंटमध्ये तसं नुकसान दिसलं नाही, ती जोडी आम्ही रोज देतो.

प्रोसिजरच्या दिवशीचं: उपाशी राहायला सांगतात तेव्हा बरेच जण सगळ्याच गोळ्या बंद करतात. तसं करू नका. कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही हे आदल्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, शुगरच्या काही गोळ्या थांबवतात, रक्त पातळ करणाऱ्यांचं ज्याचं त्याचं वेगळं असतं, पण स्टॅटिन आणि ॲस्पिरिन सहसा घोटभर पाण्याबरोबर चालूच ठेवतात. ॲटोरव्हास्टॅटिन रात्रीच घेतली पाहिजे असंही काही नाही, ती शरीरात बराच वेळ टिकते, वडिलांना सकाळी लक्षात राहत असेल तर सकाळी घेऊ द्या.

आता स्टेंटनंतर बंद करण्याबद्दल. माझ्याकडे फॉलोअपला येणाऱ्यांशी हा संवाद इतक्यांदा होतो. "काका, कोलेस्टेरॉलची गोळी घेताय ना?" "नाही, ती बंद केली." "कधी?" "रिपोर्ट आला ना, एलडीएल ४८, म्हटलं आता कशाला." अहो, ते ४८ गोळीमुळेच आहे, बंद केली की काही आठवड्यांत आकडा जिथून निघाला तिथेच परत. आणि स्टेंट म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची जाळी, तेवढ्या जागेपुरता प्रश्न सुटला, पण हृदयाच्या तिन्ही मुख्य नळ्या मिळून जी लांबी आहे तिच्यात जागोजागी छोटे छोटे थर असतातच, ३० टक्के, ४० टक्के, ज्यांना स्टेंट लागत नाही आणि जे रिपोर्टमध्ये एका ओळीत संपतात. पुढचा अटॅक बऱ्याचदा तिथूनच येतो. तिथे फुगा पोचत नाही, गोळी पोचते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा की एलडीएल साधारण ३९ ने खाली आणलं की मोठे अटॅक-स्ट्रोक वगैरे पाचात एकाने कमी होतात, आणि जितकं जास्त खाली, जितकी जास्त वर्षं, तितका फायदा. अटॅकच्या ॲडमिशनमध्ये ज्यांची चालू स्टॅटिन थांबवली गेली त्यांचं पुढे जास्त वाईट झालं, हेही २००२ मध्येच दिसलंय.

वडिलांसाठी पुढचं असं करा. गोळी रोज, प्रोसिजरच्या आधी, त्या दिवशी आणि नंतर. चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल आणि लिव्हरची तपासणी. ५५ च्या खाली गेलं नाही तर डोस वाढवायला जागाच नाही, ८० हा वरचाच डोस आहे, आणि तसंही डोस दुप्पट केला तरी एलडीएल फक्त सहा टक्के आणखी उतरतं, म्हणून तेव्हा एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडतात, ती साधी एक गोळी आहे आणि १८ हजारांवर पेशंटच्या अभ्यासात तिचा फायदा २०१५ मध्ये सिद्ध झालाय. त्यानेही भागलं नाही तर मग बेंपेडोइक ॲसिड किंवा इंजेक्शनवाली पीसीएसके-९ ची औषधं आहेत. ८० सोसत नसेल तर ४० वर या, तेही मोठ्या डोसमध्येच मोडतं, शून्यावर येऊ नका. आणि डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांच्या यादीत स्टॅटिनच्या पुढे "चालू ठेवणे" लिहिलंय का ते स्वतः बघा, नुसतं "३० दिवस" लिहिलं असेल तर तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या, कारण बहुतेक लोकांची गोळी त्या तिसाव्या दिवशीच सुटते.